तेजोवलय आणि जाहिरात : चित्रकार आल्फोन्स मुखा

प्राग शहरातील टेकडीवर संत व्हायटस यांचे महामंदिर उभे आहे. १३४४ साली त्याची पायाभरणी झाली आणि १९२९ साली, जवळजवळ सहा शतकांनंतर, ते पूर्णत्वास गेले. त्याच्या उत्तरेकडील एका चॅपेलमध्ये १९३१ सालची एक रंगीत खिडकी आहे. मध्यभागी बालवयातील संत वेन्सेस्लास आपली आजी संत लुडमिला हिच्याजवळ उभा आहे आणि भोवती स्लाव लोकांचे प्रेषित संत सिरिल व संत मेथोडियस यांच्या जीवनातील प्रसंग रेखाटले आहेत. सूर्य वर आला की निळ्या, हिरव्या, सोनेरी आणि तांबड्या रंगांचा प्रकाश दगडी भिंतींवर सांडतो. भाविक हात जोडून उभा राहतो. मग त्याची नजर हळूहळू खाली येते आणि तळाशी रंगवलेल्या अक्षरांवर थबकते. तिथे एका बँकेचे नाव आहे. खिडकीचा खर्च या बँकेने सोसला होता.

संतांच्या पायांशी बँकेचे नाव! मनाला हे थोडे टोचल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडेही वेदीला, बाकांना, घंटांना दात्यांची नावे जोडलेली असतात; त्याची आपल्याला सवय झालेली आहे. परंतु ही खिडकी रंगवणाऱ्या माणसाचे सारे आयुष्यच या दोन टोकांमध्ये ताणलेले होते. एका टोकाला बाजार, दुसऱ्या टोकाला प्रार्थना. आल्फोन्स मुखा हे त्याचे नाव. आधुनिक जाहिरातकलेच्या आरंभकाळातील तो एक थोर कलावंत. त्याच्या जीवनकथेतून एक प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो : पोटासाठी केलेले काम आणि देवासाठी केलेले काम यांच्यामध्ये खरोखरच भिंत असते काय?

मुखाचा जन्म २४ जुलै १८६० रोजी मोराव्हिया प्रांतातील इव्हान्चित्से या लहानशा गावी झाला. हा प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. वडील न्यायालयात साधे नोकर, आई पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. असे सांगतात, की रांगत्या वयातच त्याच्या गळ्यात आईने दोरीने पेन्सिल अडकवली होती आणि घराच्या जमिनीवर तो रेघोट्या ओढत फिरे. गळा गोड असल्यामुळे पुढे ब्रनो शहरातील संत पेत्राच्या महामंदिरातील गायनवृंदात त्याला जागा मिळाली. त्या आधारावरच त्याचे शालेय शिक्षण झाले. धूपाचा सुगंध, मेणबत्त्यांचा उजेड, वेदीवरील सोनेरी नक्षी आणि ऑर्गनचे गंभीर सूर या वातावरणात त्याचे बालपण गेले. पुढील आयुष्यात तो म्हणत असे, की मंदिर, संगीत आणि चित्र ही त्याच्या मनात इतकी एकजीव झाली होती, की कशामुळे काय प्रिय झाले हे त्याचे त्यालाच सांगता येत नसे.

आवाज फुटला तशी गायनवृंदातील जागा गेली. शिक्षण अर्धवट राहिले. गावी परतून त्याने न्यायालयात कारकुनी पत्करली. १८७८ साली प्रागच्या कला अकादमीकडे त्याने प्रवेशासाठी चित्रे पाठवली. उत्तर आले ते नकाराचे. दुसरा एखादा व्यवसाय शोधावा, असा सल्लाही सोबत होता. तथापि मुखाने ब्रश खाली ठेवला नाही. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला लागला. ८ डिसेंबर १८८१ रोजी त्या शहरातील रिंग थिएटरला भीषण आग लागली. शेकडो माणसे दगावली. हे नाट्यगृह त्या कारखान्याचे मोठे गिऱ्हाईक होते. काम आटले आणि सर्वांत नवख्या माणसांना काढून टाकण्यात आले. मुखा त्यांत होता.

खिशातील पैसे जिथवर पुरतील तिथवरचे आगगाडीचे तिकीट त्याने काढले आणि मिकुलोव या गावी तो उतरला. तिथे ना ओळख, ना पाळख. गावकऱ्यांची व्यक्तिचित्रे काढणे, थडग्यांच्या शिळांवर नावे रंगवणे, घरांतील नक्षीकाम करणे, जे मिळेल ते काम त्याने केले. मुखाच्या चरित्रातील हा काळ आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही अकादमीने न शिकवलेली एक गोष्ट तो इथे शिकला. समोर बसलेल्या साध्या माणसाला स्वतःचा चेहरा ओळखता आला पाहिजे आणि त्याला तो आवडलाही पाहिजे! थडग्यावरचे अक्षर दुरून वाचता आले पाहिजे. पुढे ज्या गुणांनी त्याला कीर्ती मिळाली, त्यांचे बीज मिकुलोवच्या स्मशानभूमीतच पडले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

त्याच परिसरातील काउंट खुएन-बेलासी या सरदाराने आपल्या वाड्याच्या भिंती रंगवण्यासाठी त्याला बोलावले आणि त्याचे काम पाहून शिक्षणाचा भार उचलला. म्युनिक येथे आणि १८८७ पासून पॅरिसमध्ये मुखा शिकला. दोन वर्षांत ही मदत थांबली. पुन्हा उपासमार, पुन्हा मिळेल ते काम! मासिके व पुस्तके यांसाठी चित्रे काढून तो दिवस ढकलू लागला. चौतिशी ओलांडली तरी पॅरिसच्या हजारो होतकरू कलावंतांतील तो एक, एवढीच त्याची ओळख होती.

१८९४ च्या नाताळात हे सारे पालटले. सणासाठी सुट्टीवर गेलेल्या एका मित्राच्या बदली मुखा लमर्सिये यांच्या छापखान्यात मुद्रिते तपासत बसला होता. दुसऱ्या दिवशी, संत स्तेफनच्या सणाला, सुप्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट हिचा निरोप आला. तिच्या ‘गिस्माँदा’ या नाटकासाठी नवे भित्तिपत्रक हवे होते, आणि तेही नववर्षाच्या पहिल्या दिवशी भिंतींवर झळकले पाहिजे! सारे नेहमीचे चित्रकार सुट्टीवर. छापखान्याच्या व्यवस्थापकाने नाइलाजाने मुखाकडे पाहिले.

मुखाने जे चित्र केले ते त्या काळच्या भडक, गर्दीच्या पोस्टरांहून अगदी वेगळे होते. माणसाहूनही उंच, दोन मीटरांपेक्षा मोठा, अरुंद कागद. रंग सौम्य. नाटकातील शेवटचा प्रसंग आहे झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीचा. म्हणून सारा बर्नहार्ट भरजरी वस्त्रांत उभी असून तिच्या हाती झावळी आहे, आणि डोक्यामागे बिझंटाइन मंदिरांतील मोझेइकसारखी रंगीत तुकड्यांनी जडवलेली कमान आहे. वेदीवर संतांच्या मस्तकामागे असते तसे तेजोवलयच म्हणा ना! ब्रनोच्या महामंदिरात लहानपणी डोळ्यांत साठवलेले सारे वैभव पॅरिसच्या रस्त्यावर उतरले होते. व्यवस्थापकाला चित्र पसंत नव्हते; साराला मात्र ते अतिशय आवडले. १ जानेवारी १८९५ रोजी ते शहरभर लागले आणि लोक ते रात्रीतून भिंतीवरून सोलून घरी नेऊ लागले. साराने त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला.

मग कामाचा पूर लोटला. शाँपन्वा नावाच्या मुद्रकाने मुखाशी करार केला आणि त्याचे एकच चित्र कधी दिनदर्शिका, कधी पोस्टकार्ड, कधी भिंतीवर लावायची पट्टी अशा अनेक रूपांत छापून विकले. बिस्किटे, शँपेन, बिअर, सायकली, सिगारेटचे कागद. मुखाच्या चित्रांनी काय काय विकले नाही! ही चित्रे शिळाछापाची. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने आकृती काढायची, दगड ओला करून त्यावर छपाईची शाई फिरवायची, आणि प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा करून तोच कागद पुनःपुन्हा दाबायचा, अशी ती पद्धत. रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत तर चेहरा बिघडे. म्हणून बाह्यरेषा ठळक, रंग सपाट आणि मोजके ठेवावे लागत. मुखाची शैली म्हणून जिचे आपण कौतुक करतो, तिचा निम्मा भाग या दगडाने घडवलेला आहे.

या चित्रांनी एक मोठे काम केले, हे मान्य केलेच पाहिजे. तैलचित्र विकत घेणे श्रीमंतांनाच परवडे. शिळाछापाचे चित्र कामगाराच्या खोलीतही लागू शकले. आपले चित्र बंद दिवाणखान्यांत न अडकता गरिबाघरी पोहोचते, याचा मुखाला मनापासून आनंद होता. आपल्या आजीआजोबांच्या घरात येशूच्या पवित्र हृदयाची नि वेलंकणी मातेची जी छापील चित्रे चौकटीत बसून भिंतीवर आली, तीही छापील रंगचित्रांच्या अशाच प्रसारामुळे आली, हे इथे आठवावेसे वाटते.

परंतु याच ठिकाणी आपल्याला थांबून विचार करायला हवा. सिगारेटच्या कागदाच्या जाहिरातीत मुखाने एक तरुणी काढली आहे. डोळे मिटलेले, हातातील सिगारेटचा धूर वळणे घेत वर चढतो आहे, आणि तिच्या मस्तकामागे कंपनीचे नाव झळकते आहे. सायकलच्या नि बिअरच्या जाहिरातींतही अशीच देखणी, जणू पूजनीय स्त्री आढळते. वेदीवरचे तेजोवलय असे दुकानात आले. पवित्र चिन्हाचा हा बाजार नव्हे काय? की रस्त्यावरून जाणाऱ्या थकल्याभागल्या माणसाला क्षणभर मंदिरातील सौंदर्याचे दर्शन घडले, हे पुण्यच म्हणायचे? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मुखाच्या स्वतःच्या मनाला मात्र या कामाने शांती लाभली नव्हती, हे त्याच्या पुढील वाटचालीवरून दिसते.

कीर्तीच्या ऐन शिखरावर, डिसेंबर १८९९ मध्ये, त्याने प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रती केवळ ५१०. त्यांतील ३९० फ्रेंच आणि १२० चेक भाषेतील. प्रार्थनेचे सात भाग करून प्रत्येकासाठी तीन पाने : एक नक्षीदार पान त्या ओळीचे, दुसरे त्यावरील चिंतनाचे, तिसरे एकरंगी चित्राचे. या चित्रांत मोहक तरुणी नाहीत. अंधारात चाचपडणारी, वर पाहणारी माणसे आहेत आणि त्यांना उजेडाकडे नेणारी वाट आहे. जाहिरातींनी मिळवलेला पैसा आणि नाव त्याने या पुस्तकामागे उभे केले. स्वतःच्या छापील कामांपैकी हेच त्याला सर्वोत्कृष्ट वाटे.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १८९८ साली मुखा पॅरिसमध्ये फ्रीमेसन संघटनेत दाखल झाला आणि पुढे मायदेशी त्या संघटनेत त्याने मोठे पदही भूषवले. ख्रिस्तसभेने १७३८ पासून आपल्या सभासदांना या संघटनेत जाण्यास मनाई केलेली आहे आणि १९८३ साली ती पुन्हा स्पष्ट केली आहे. त्या ग्रंथातील काही चिन्हांवरही या विचारांची छाया दिसते. मुखा म्हणजे संत नव्हे. त्याची श्रद्धा सरळ रेषेत चाललेली नव्हती. आम्ही त्याच्याकडे पाहतो ते देवाचा शोध न सोडणारा एक माणूस म्हणून. त्याचे दोष लपवून त्याला मोठे करण्याची गरज नाही.

१९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी बॉस्निया-हर्झेगोव्हिना दालन रंगवण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यासाठी तो बाल्कन प्रदेशात हिंडला. परक्या सत्तेखाली जगणारे आपले स्लाव बांधव त्याने पाहिले आणि त्याच सत्तेच्या दालनासाठी आपण रंग कालवीत आहोत, ही बोचणी त्याला लागली. आपल्या लोकांचा इतिहास भव्य चित्रांतून सांगायचा, असा निश्चय त्याने केला. पण पैसा कुठून आणायचा? १९०४ पासून अमेरिकेच्या फेऱ्या सुरू झाल्या. श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढून पैसा जमवावा, हा बेत होता. १९०६ साली प्रागमधील स्ट्राहोव मठाच्या चॅपेलमध्ये मारुश्का खितिलोवा हिच्याशी त्याचा विवाह झाला. कन्या यारोस्लाव्हा १९०९ साली न्यूयॉर्कमध्येच जन्मली. व्यक्तिचित्रांचा बेत मात्र फसला. तैलरंगात त्याचा हात सावकाश चाले, आणि ज्यांना जाहिरातीतील मुखा हवा होता त्यांना हा नवा मुखा पटेना.

तरीही एका व्यक्तिचित्राने त्याचे भाग्य उघडले. शिकागोचे उद्योगपती चार्ल्स क्रेन यांच्या मुलीला, जोसेफिनला, त्याने ‘स्लाव्हिया’च्या, म्हणजे स्लाव भूमीच्या मूर्तिमंत रूपात रंगवले. १९०९ च्या अखेरीस क्रेन यांनी त्याच्या स्वप्नाचा खर्च उचलण्याचे मान्य केले. मुखा मायदेशी परतला. ज्बिरोहच्या किल्ल्यात जागा घेऊन सुमारे अठरा वर्षे तो राबला आणि वीस प्रचंड चित्रे उभी राहिली; त्यांतील सर्वांत मोठी सहा मीटर बाय आठ मीटर. ही चित्रमाला ‘स्लाव महाकाव्य’ या नावाने ओळखली जाते.

यांतील एका चित्राकडे मराठी ख्रिस्ती वाचकाने विशेष लक्ष द्यावे. ८६३ साली राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून सिरिल आणि मेथोडियस हे बंधू मोराव्हियात आले. त्यांनी स्लाव भाषेला लिपी दिली आणि लोकांच्या भाषेत उपासना चालवली. लॅटिनचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यांना विरोध केला. बंधू रोमला गेले. पोप एड्रियन दुसरे यांनी त्या उपासनेला मान्यता दिली. सिरिल ८६९ साली रोममध्येच निवर्तला. ८८० साली पोप जॉन आठवे यांनी मेथोडियसला पुन्हा अनुमती दिली. पोपचे पत्र राजदरबारात वाचले जात आहे, हा प्रसंग मुखाने रंगवला आहे. पुढच्या बाजूला एक तरुण हातात कडे धरून उभा आहे. ते ऐक्याचे प्रतीक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवरून मराठीत मिस्सा ऐकताना ज्या पिढीचे डोळे पाणावले, त्या पिढीला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली या दोघा बंधूंना युरोपचे सहआश्रयसंत घोषित केले.

याच मालिकेत यान हुस याचे प्रवचनही आहे. १४१५ साली पाखंडी ठरवून त्याला जिवंत जाळण्यात आले. प्रॉटेस्टंट बांधवांच्या चेक बायबलचे मुद्रणही आहे. ते इव्हान्चित्सेशी निगडित असल्यामुळे त्या चित्रात अंध वृद्धाला वाचून दाखवणाऱ्या मुलाला मुखाने स्वतःच्या पोरवयातला चेहरा दिला. महामंदिरात गाणाऱ्या मुलाने हुसलाही आपल्या इतिहासात मानाचे पान द्यावे, हे तेव्हा अनेकांना रुचले नसेल. परंतु डिसेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल मनःपूर्वक खेद व्यक्त केला. चित्रकार या ठिकाणी काळाच्या पुढे होता.

१९१८ साली चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. नव्या राष्ट्राची पहिली टपाल तिकिटे, नोटा यांची चित्रे मुखाने काढून दिली. शंभर क्राउनच्या नोटेवर ‘स्लाव्हिया’ अवतरली. एका धनिकाच्या कन्येचे व्यक्तिचित्र असे सामान्यांच्या हातोहाती फिरले! १९२८ साली मुखाने आणि क्रेन यांनी सारी चित्रमाला प्राग शहराला अर्पण केली. शहराने तिच्यासाठी वास्तू उभारावी, एवढीच अपेक्षा होती. मुखाच्या हयातीत ती वास्तू झाली नाही. नव्या पिढीच्या टीकाकारांना त्याची चित्रे जुनाट वाटली.

१५ मार्च १९३९ रोजी नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मुखाला गेस्टापोने चौकशीसाठी नेले. सुटून आला तो खचलेला होता. न्यूमोनियाने १४ जुलै रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाला दहा दिवस उरले असताना, त्याने देह ठेवला. व्हिशेहरादच्या स्मशानभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली; जमावबंदी असतानाही लोक मोठ्या संख्येने आले. युद्धकाळात त्याची प्रचंड चित्रे गुंडाळून लपवून ठेवण्यात आली. १९६३ पासून ती मोराव्स्की क्रुमलोव येथील किल्ल्यात मांडली गेली, २०१२ साली प्रागला गेली आणि २०२१ साली पुन्हा तिथेच, त्याच्या जन्मगावाच्या शेजारी, परतली.

आता पुन्हा त्या खिडकीकडे वळू या. सत्तरी ओलांडलेल्या मुखाने ती केली तेव्हा रंगीत काचेचे लहान लहान तुकडे जोडण्याऐवजी काचेवरच चित्र रंगवण्याची पद्धत स्वीकारली. ठळक बाह्यरेषा, मोजके सपाट रंग, दुरूनही वाचता येणारे चेहरे, हे सारे पोस्टरच्या दगडाने शिकवलेले. मिरवणुकीतून निसटून रस्त्यावर आलेले तेजोवलय आता जिथून निघाले होते तिथे परतले होते. पण परतताना त्याने रस्त्याची बोलीही सोबत आणली होती. म्हणून ही खिडकी विद्वानाला जेवढी कळते तेवढीच मेंढपाळाला.

जाहिरातीत घालवलेली वर्षे वाया गेली, अशी खंत मुखाला वाटत असे. आम्हाला तसे वाटत नाही. नाझरेथमध्ये प्रभू येशूने सुताराचे काम केले. त्या खटपटीतली एकही वस्तू आज शिल्लक नाही आणि तरीही ती वर्षे वाया गेली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आपल्या धर्मग्रामांतही फलक रंगवणारे, छापखान्यात राबणारे, लग्नपत्रिका सजवणारे, जाहिरातींची चित्रे काढणारे हात आहेत. आपले काम देवाच्या कामाचे नाही, असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटत असेल. त्यांनी या चित्रकाराची आठवण ठेवावी. हाताला लागलेले वळण एकच असते. ते कोणाच्या सेवेला लावायचे, हे मात्र दर वेळी नव्याने ठरवावे लागते. बँकेचे नाव खिडकीच्या तळाशी राहिले. प्रकाश मात्र वरच्या काचेतून येतो आणि त्या अक्षरांवरूनही सारखाच पुढे जातो.